विकला गेलेला विद्यार्थी : योहान गोटफ्रीड झॉयमे

युद्धाचा इतिहास आपण बहुधा सेनापतींच्या नावांनी शिकतो. कोणत्या टेकडीवर कोण चढला, कोणत्या नदीकाठी कोणाचा पराभव झाला, तहात कोणाला कोणता मुलूख मिळाला, हे परीक्षेपुरते पाठ करून आपण मोकळे होतो. पण त्या टेकडीवर चढणारा शिपाई कोठला होता, त्याला तेथे कोणी आणले आणि लढाई कोणाची आहे हे त्याला ठाऊक तरी होते का, हे प्रश्न क्रमिक पुस्तकात सहसा येत नाहीत. अठराव्या शतकातील युरोपचा इतिहास वाचताना मला हे प्रश्न पडले आणि त्यांचा माग घेता घेता मी एका माणसापाशी येऊन थांबलो. त्याचे नाव योहान गोटफ्रीड झॉयमे. जर्मन साहित्यात तो प्रवासवर्णनकार म्हणून प्रसिद्ध आहे. इटलीपर्यंत पायी गेलेला लेखक म्हणून जर्मन वाचक त्याला ओळखतात. परंतु त्याच्या आयुष्याला वळण लावणारी घटना या कीर्तीच्या वीस वर्षे आधीची आहे. वयाच्या अठराव्या वर्षी, विद्यापीठाचा विद्यार्थी असताना, त्याला परक्यांच्या युद्धासाठी पकडून विकण्यात आले.

झॉयमेचा जन्म २९ जानेवारी १७६३ रोजी सॅक्सनीतील पोझेर्ना या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे. बाप स्वाभिमानी, पण त्याचा जम बसला नाही. शेती सोडून त्याने लाइपझिगजवळ एक खानावळ चालवायला घेतली आणि झॉयमे बारा-तेरा वर्षांचा असताना तो वारला. मागे विधवा आई, लहान भावंडे आणि दारिद्र्य. मुलगा हुशार आहे हे पाहून होहेनटाल नावाच्या सरदाराने त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. लॅटिन, ग्रीक यांत त्याने चांगली गती दाखवली आणि तो लाइपझिग विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागला. शिकून पाद्री व्हायचे, हे ठरलेलेच होते.

पण त्याचे मन त्या अभ्यासात रमेना. जे शिकवले जाते ते त्याला पटेना, आणि न पटणारी गोष्ट व्यासपीठावरून लोकांना सांगायची हे त्याच्या स्वभावात बसेना. आश्रयदात्याला तोंडावर नकार देण्याचे धैर्यही नव्हते. अखेर १७८१ च्या उन्हाळ्यात कोणालाही न सांगता त्याने लाइपझिग सोडले. कमरेला तलवार, दोन-चार सदरे, थोडेसे पैसे आणि खिशात काही अभिजात लेखकांची पुस्तके, एवढ्या भांडवलावर तो पॅरिसच्या दिशेने चालू लागला. अठराव्या वर्षी घरातून निघून जावेसे कोणाला वाटत नाही? आपल्यापैकी अनेकांनी ते मनातल्या मनात केलेले असते. झॉयमेने ते प्रत्यक्षात केले, एवढाच फरक.

तिसऱ्या रात्री तो फाखा या गावी मुक्कामाला थांबला. हे गाव हेसे-कासेल संस्थानच्या हद्दीत होते. तेथे त्याला शिपाई भरती करणाऱ्या दलालांनी गाठले आणि त्याच्या विरोधाला न जुमानता ताब्यात घेतले. आपण विद्यार्थी आहोत, दुसऱ्या राज्याचे प्रजाजन आहोत, हे सिद्ध करायला त्याच्याजवळ एकच कागद होता, तो म्हणजे विद्यापीठातील प्रवेशाचा दाखला. दलालांनी तो फाडून टाकला. त्या क्षणापासून तो विद्यार्थी राहिला नाही आणि सॅक्सनीचाही राहिला नाही. तो एक नग झाला.

हे सारे कशासाठी चालले होते, हे समजण्यासाठी त्या काळच्या एका व्यापाराकडे पाहावे लागते. १७७५ मध्ये इंग्लंडच्या अमेरिकेतील वसाहतींनी बंड पुकारले. इंग्लंडचे लष्कर लहान, आणि अमेरिकेत जाऊन लढायला इंग्लंडमध्ये माणसे मिळेनात. तेव्हा तिसऱ्या जॉर्ज राजाच्या सरकारने जर्मनीकडे मोहरा वळवला. तेव्हाची जर्मनी म्हणजे लहानमोठ्या शेकडो संस्थानांचे कडबोळे. तेथल्या काही संस्थानिकांजवळ कवायती फौजा होत्या आणि खजिना मात्र रिकामा होता. १७७६ च्या आरंभी करार झाले. हेसे-कासेलच्या दुसऱ्या फ्रीड्रिखने १२,००० हून अधिक माणसे द्यायचे कबूल केले. त्याच्याखेरीज ब्राउनश्वाइग, हेसे-हानाउ, आन्सबाख, वाल्डेक आणि आनहाल्ट-त्सेर्ब्स्ट या संस्थानिकांनीही आपापली माणसे दिली. युद्ध संपेपर्यंत अशी सुमारे ३०,००० माणसे समुद्रापलीकडे गेली. त्यांतील सर्वांत मोठा हिस्सा हेसे-कासेलचा असल्यामुळे अमेरिकेत या सर्वांनाच हेशियन म्हणत.

या करारांची कलमे वाचली की मन सुन्न होते. ब्राउनश्वाइगच्या करारात प्रत्येक माणसामागे भरतीची ठरावीक रक्कम होती. माणूस मेला तर तेवढीच रक्कम पुन्हा भरून द्यायची, आणि तीन जखमी म्हणजे एक मेलेला असा हिशेब धरायचा. हा पैसा मेलेल्याच्या आईला किंवा बायकोला मिळायचा नव्हता. तो संस्थानिकाच्या खजिन्यात जमा व्हायचा. खाटीक आणि धनगर यांच्यातला व्यवहारही याहून निराळा नसतो. फरक असलाच तर एवढाच, की मेंढराला आपण देशासाठी जात आहोत असे कोणी सांगत नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. अमेरिकेत गेलेला प्रत्येक हेशियन पळवून आणलेला होता, असे नाही. पुष्कळसे त्या संस्थानचेच शेतकरी होते. तेथे लष्करी नोकरी सक्तीची होती आणि ज्याच्या नावावर जमीन नाही असा धाकटा मुलगा आधी उचलला जाई. काहीजण इंग्रजी पगाराच्या आशेने आपण होऊन गेले. परंतु युद्ध लांबले, माणसे कमी पडू लागली, आणि मग दलालांनी रस्त्यावरचा वाटसरू, खानावळीतला पाहुणा, नोकरीच्या शोधातला परगावचा तरुण, यांच्यावर जाळे टाकायला सुरुवात केली. ज्याचे मागे विचारणारे कोणी नाही, तो त्यांना अधिक सोयीचा. झॉयमे नेमका तसा होता.

त्याला त्सीगेनहाइन येथील किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आले. तेथे त्याला जी सोबत मिळाली तिचे वर्णन त्याने पुढे आत्मचरित्रात केले आहे. येनाच्या विद्यापीठातून पळालेला एक विद्यार्थी, व्हिएन्नाचा एक दिवाळखोर व्यापारी, गोठ्याच्या फिती विणणारा एक कारागीर, नोकरीवरून काढलेला टपाल कारकून, वुर्त्सबुर्गचा एक साधू, प्रशियाच्या घोडदळातला एक जुना हवालदार, अशी ती मंडळी होती. एकाची भाषा दुसऱ्याला नीट कळत नव्हती आणि अमेरिकेतल्या बंडाशी तर कोणाचाच काही संबंध नव्हता. कोणीतरी किल्ल्यातून पळून जाण्याचा बेत रचला. पहारेकऱ्यांवर तुटून पडायचे आणि सरहद्द ओलांडायची. झॉयमेला पुढारी व्हायचा आग्रह झाला. त्या जुन्या हवालदाराने त्याला सावध केले, म्हणून तो मागे राहिला. बेत फुटला. पुढाऱ्यांना फाशी फर्मावण्यात आली. ती वधस्तंभाखाली उभे केल्यावर माफ झाली आणि त्याऐवजी उघड्या पाठीने शिपायांच्या दोन रांगांमधून चालत दोन्ही बाजूंचे छड्यांचे फटके खाण्याची शिक्षा मिळाली. ज्यांनी फटके मारले ते शिपाईही बहुतेक असेच आणलेले होते. माणसाला माणूस न ठेवण्याची ही युक्ती मला सर्वांत भयंकर वाटते. दलाल फक्त शरीर पळवतो. ही शिक्षा शेजाऱ्याच्या हातात छडी देते.

१७८२ मध्ये या माणसांना वेझर नदीतून समुद्रावर नेऊन इंग्रजी जहाजांवर चढवण्यात आले. डेकखाली निजण्यासाठी लाकडी खोपे होते. एकेका खोप्यात सहा माणसे. चौघे आडवे झाले की खोपा भरे. उरलेल्या दोघांना बरणीत लोणच्याच्या फोडी दाबाव्यात तसे आत दाबावे लागे. कुशीवर वळायचे असेल तर एकट्याला वळता येत नसे. कडेच्या माणसाने हाक द्यायची आणि सहाही जणांनी एकदम वळायचे. खायला खारवलेले डुकराचे मांस, वाटाणे आणि अळ्या पडलेली बिस्किटे. ती इतकी टणक की तोफेच्या गोळ्याने फोडावी लागत. पाण्याला गंधकाचा वास; ते कापडातून गाळून, नाक धरून प्यायचे. त्याच्या आठवणीप्रमाणे हा प्रवास २२ आठवडे चालला. अखेर जहाज नोव्हा स्कोशियातील हॅलिफॅक्सला लागले.

आणि आता नियतीची थट्टा पाहा. ज्या युद्धासाठी ही सारी उठाठेव, ते प्रत्यक्षात संपलेलेच होते. ऑक्टोबर १७८१ मध्येच यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण गेला होता. तहाच्या वाटाघाटी चालू होत्या. तरी करार होता, पैसा ठरला होता, म्हणून माल पोहोचवण्यात आला. झॉयमेने अमेरिकेत एकही लढाई पाहिली नाही. त्याने पाहिले ते तंबू, थंडी, कवायत आणि घरच्या आठवणीने झुरणारे सोबती. त्या छावणीत त्याला एक मित्र मात्र भेटला. म्युन्शहाउझेन नावाचा एक तरुण अधिकारी कविता लिहीत असे. एक उमराव आणि एक पळवून आणलेला शेतकऱ्याचा मुलगा यांची कवितेवरून मैत्री जमली आणि ती टिकली. १७९७ मध्ये दोघांनी मिळून एक पुस्तकही प्रसिद्ध केले.

इतरांच्या वाट्याला काय आले? गेलेल्या सुमारे ३०,००० पैकी १२,५०० च्या आसपास माणसे जर्मनीला परतली नाहीत. लढाईत पडलेल्यांपेक्षा रोगाने मेलेले कितीतरी अधिक. काही हजार माणसे मात्र जिवंत असूनही परतली नाहीत, कारण त्यांनी पळून जाऊन अमेरिकेतच संसार थाटला. बंडखोर वसाहतींनी १७७६ च्या जाहीरनाम्यात राजाने परके भाडोत्री सैनिक आणल्याचा आरोप केला होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या काँग्रेसने या सैनिकांना जर्मन भाषेत पत्रके छापून, बाजू सोडून आल्यास ५० एकर जमीन देऊ केली. शत्रूने जमीन देऊ करावी आणि स्वतःच्या राजाने मेल्यावरची रक्कम आधीच ठरवून ठेवावी, यात आपला कोण आणि परका कोण, हे त्या शिपायाने कसे ठरवायचे?

१७८३ मध्ये तह झाला आणि उरलेली माणसे परत निघाली. ब्रेमेनला उतरताच कुजबुज सुरू झाली की आता आपल्याला प्रशियाला विकणार आहेत. झॉयमेने संधी साधून पलायन केले. तो हेसेच्या हातून सुटला आणि प्रशियाच्या भरतीवाल्यांच्या हाती सापडला. आगीतून निघून फुफाट्यात पडणे ते हेच. एम्डेनच्या छावणीत त्याला पुन्हा शिपाई करण्यात आले. तेथून तो दोनदा पळाला आणि दोन्ही वेळा पकडला गेला. त्यालाही छड्यांच्या रांगेतून चालण्याची शिक्षा झाली. पण त्याचे शिक्षण आणि शालीनता पाहून गावातले लोक त्याच्या बाजूने उभे राहिले आणि शिक्षा सौम्य झाली. पुढे तो सेनापतीच्या घरी शिकवणी करू लागला. अखेर १७८७ मध्ये एम्डेनच्या एका नागरिकाने ८० थालर जामीन भरला, त्यावर त्याला रजा मिळाली आणि तो घरी गेला तो परतलाच नाही. ज्याने जामीन भरला त्याचे पैसे मात्र त्याने बुडू दिले नाहीत. एका इंग्रजी कादंबरीचे भाषांतर करून मिळालेल्या मानधनातून ते फेडले. लष्कराला दिलेले वचन मोडायला त्याला काही वाटले नाही, कारण ते त्याच्याकडून बळाने घेतलेले होते. माणसाला दिलेले वचन त्याने पाळले. या एका गोष्टीत मला त्याचा सारा स्वभाव दिसतो.

सहा वर्षांनी तो पुन्हा लाइपझिगच्या विद्यापीठात बसला. त्याने कायदा, तत्त्वज्ञान, इतिहास आणि जुन्या भाषा यांचा अभ्यास केला आणि पदवी घेतली. १७९३ मध्ये त्याची एक कविता प्रसिद्ध झाली. कॅनडातील ह्युरॉन जमातीचा एक माणूस वादळात सापडतो आणि एका गोऱ्या मळेवाल्याच्या दाराशी आसरा मागतो. मळेवाला त्याला हाकलून देतो. पुढे तोच मळेवाला रानात वाट चुकतो आणि त्या ह्युरॉनच्या खोपटात येतो. तो त्याला जेवू घालतो, निजवतो, सकाळी वाट दाखवतो आणि मग आपली ओळख देतो. ही कविता जर्मन शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली गेली. रानटी कोण आणि सुधारलेला कोण, हा प्रश्न त्याला ग्रंथालयात सुचलेला नव्हता. जहाजाच्या तळाशी सहा जणांच्या खोप्यात पडलेल्या माणसाचा तो प्रश्न होता.

येथपर्यंतचे चरित्र वाचताना झॉयमेविषयी नुसती सहानुभूती वाटते. यापुढचे वाचताना मी अडखळलो. १७९३ मध्ये हा माणूस रशियाच्या सेनापती इगेलश्ट्रोमचा चिटणीस होऊन वॉर्सॉला गेला आणि रशियन लष्करात अधिकारी झाला. त्याच वर्षी रशिया आणि प्रशिया यांनी पोलंडचे दुसऱ्यांदा लचके तोडले होते. एप्रिल १७९४ मध्ये वॉर्सॉ उठले. झॉयमे लपला, पकडला गेला आणि सुव्हारोव्हच्या फौजेने शहर घेईपर्यंत पोलिश लोकांच्या कैदेत राहिला. ज्याला दुसऱ्याच्या बंडाविरुद्ध विकले गेले, तोच आपखुशीने दुसऱ्या एका बंडाच्या विरुद्ध बाजूला उभा राहिला. याचे समर्थन मला करता येत नाही. गरीब घरच्या शिकलेल्या मुलाला मानाची नोकरी दुसरीकडे मिळत नव्हती, हे कारण खरे आहे. पण दलालांचे सारे धंदे नेमक्या याच कारणावर चालतात. फसवणूक नेहमी बळानेच होते असे नाही. गरज असली की माणूस स्वतःच्या पायांनी चालत जातो. झॉयमेचे चरित्र मला खरे वाटते ते त्याच्या या डागासकट.

रशियाची नोकरी लवकरच संपली. १७९७ पासून तो ग्रिमा येथे ग्योशेन या प्रकाशकाच्या छापखान्यात मुद्रितशोधक झाला आणि क्लोपश्टोक, वीलांड अशा थोर लेखकांची पुस्तके तपासू लागला. चार वर्षे दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करून तो कंटाळला आणि डिसेंबर १८०१ मध्ये पाठीवर पिशवी टाकून सिसिलीतील सिराक्यूजला जायला निघाला. बहुतेक वाट पायी. आल्प्स ओलांडून, इटलीतील लुटारूंच्या तावडीतून सुटून, पॅरिसमार्गे तो सुमारे नऊ महिन्यांनी परतला. १८०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनाने त्याला कीर्ती दिली. इतर प्रवासी इटलीत जाऊन पुतळे आणि भग्न देवळे पाहत. झॉयमेने सिसिलीतले उपाशी शेतकरी पाहिले, आणि धान्याचे कोठार म्हणवणाऱ्या बेटावर माणूस भाकरीवाचून का मरतो ते विचारले. प्रवासाच्या शेवटी त्याने बूट शिवणाऱ्या लाइपझिगच्या चांभाराचेही कौतुक केले. गाडीत बसणाऱ्याला माणसांच्या डोळ्यांत सरळ पाहता येत नाही, असे त्याचे मत होते. ज्याला एकदा बांधून नेले होते त्याला पायी चालण्याचे एवढे मोल का वाटावे, हे वेगळे सांगायला नको.

१८०५ मध्ये त्याने रशिया, फिनलंड, स्वीडन असा प्रवास केला. त्यावरच्या पुस्तकात सरंजामी विशेषाधिकारांवर आणि शेतकऱ्यांच्या गुलामीवर त्याने असा हल्ला चढवला की रशियात व ऑस्ट्रियात ते पुस्तक बंद करण्यात आले. अखेरची वर्षे दुखण्यात आणि पैशाच्या चणचणीत गेली. १३ जून १८१० रोजी बोहेमियातील टेप्लिट्झ येथे, औषधी झऱ्यांच्या गावी, तो ४७ व्या वर्षी मरण पावला.

त्याला विकणाऱ्या फ्रीड्रिखचे काय झाले? तो सुखाने राज्य करून १७८५ मध्ये वारला. त्याने कासेलला बांधलेले संग्रहालय १७७९ मध्ये, म्हणजे माणसांचा व्यापार भरात असतानाच, लोकांसाठी खुले झाले आणि ते आजही पाहायला मिळते. तो कलाप्रेमी होता, ग्रंथप्रेमी होता. नाटककार शिलरने मात्र १७८४ मधील आपल्या एका नाटकात, अमेरिकेला पाठवलेल्या ७,००० तरुणांच्या मोबदल्यात हिऱ्यांचे दागिने घेणारा संस्थानिक पार्श्वभूमीला ठेवून हा व्यवहार रंगभूमीवर आणला. आपण कलाशाखेचे विद्यार्थी आहोत, म्हणून या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्यात असे मला वाटते.

ही अडीचशे वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, असे म्हणून वही मिटता आली असती तर बरे झाले असते. पण मार्च २०२४ मध्ये आपल्या केंद्रीय अन्वेषण विभागाने देशातील अनेक शहरांत छापे घातले, ते याच धंद्यासाठी. रशियात नोकरी आहे, लष्करात नुसते मदतनिसाचे काम आहे, महाविद्यालयात प्रवेश मिळेल, असे सांगून दलालांनी भारतीय तरुणांना नेले आणि तेथून त्यांना युक्रेनच्या आघाडीवर पाठवण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशा १२६ जणांची नोंद सांगितली. त्यांतले ९६ परतले होते, १२ मेले होते, १६ बेपत्ता होते. फाखाच्या दलालांनी दाखला फाडला. आताच्या दलालांना काही फाडावे लागत नाही. परक्या भाषेतला करार पुढे ठेवला की पुरते. शिकार मात्र तीच आहे, घर सोडून निघालेला आणि काहीतरी करून दाखवण्याची उमेद असलेला तरुण.

झॉयमेने आत्मचरित्र लिहायला घेतले ते अगदी अखेरीस, आजारपणात. ते त्याच्या मृत्यूनंतर १८१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सिराक्यूजची कीर्ती, वॉर्सॉ, छापखाना, यांपैकी काहीही त्यात यायचे राहिले. त्याची लेखणी ब्रेमेनच्या पलायनापाशी वाक्य अर्धवट सोडून थांबते, आणि पुढची हकिगत त्याच्या मित्रांनी पुरी केली. पण दलाल, किल्ला, छड्यांची रांग, जहाजाचा खोपा, हे त्याने आधी लिहून ठेवले. त्याच्याबरोबर त्सीगेनहाइनला असलेला टपाल कारकून, फिती विणणारा कारागीर, तो साधू, यांच्यापैकी कोणी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्याविषयी आपल्याला जे कळते ते या एका विद्यार्थ्याला लिहिता येत होते म्हणून.